स्वागत-भेट आणि आपली स्वाक्षरी



ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील आपले अनेक तरुण आज एक नवी 'कमाई' करू लागले आहेत. नवीन क्रेडिट कार्ड घ्यायचे, पहिल्या काही महिन्यांत ठरावीक रकमेची खरेदी करून स्वागत-भेटीचे पॉइंट किंवा कुपन मिळवायचे, मग ते कार्ड बंद करून दुसऱ्या बँकेचे घ्यायचे. त्यांचा प्रश्न सरळ असतो : "मौलाना, आम्ही एक रुपयाही व्याज देत नाही. मग यात गैर काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही न्यायाने दिले पाहिजे.

फिकहचा सर्वमान्य नियम असा की, कर्ज देणाऱ्याने कर्जाच्या बदल्यात ठरवून घेतलेला लाभ म्हणजे व्याज. येथे लाभ कर्ज घेणाऱ्याला मिळतो. शिवाय कार्डावरील प्रत्येक खरेदीमागे दुकानदार शुल्क देतो. त्यातला काही भाग ग्राहकाकडे परत आला, तर त्याचे स्वरूप सवलतीसारखे असते. म्हणून केवळ भेटीलाच सरसकट व्याज म्हणणे बरोबर नाही. खरा प्रश्न पुढेच आहे : ही भेट आपल्याला कशाच्या मोबदल्यात मिळते?

ती मिळते आपल्या स्वाक्षरीच्या मोबदल्यात. रक्कम मुदतीत भरली नाही तर मी व्याज देईन, हे त्या स्वाक्षरीने आपण मान्य करतो. सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना करार पाळण्याची आज्ञा आहे. ज्याला करार पाळायचा आहे, त्याने करार करण्यापूर्वीच त्यातील अट तपासली पाहिजे. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी व्याज खाणाऱ्याबरोबरच ते देणारा, लिहिणारा आणि त्याचे साक्षीदार या सर्वांना दोषी ठरविले आहे. म्हणजे गुन्हा केवळ पैसे घेण्या-देण्यापुरता नाही, कागदावरचा सहभागही त्यात येतो.

याच कारणाने आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने सप्टेंबर 2000 मधील रियाध अधिवेशनात निर्णय दिला की, ज्या कार्डाच्या करारात व्याजाची अट आहे ते घेणे वैध नाही, मग घेणाऱ्याचा इरादा मुदतीत पूर्ण रक्कम भरण्याचा का असेना. दुसरीकडे काही विद्वान सवलत देतात : खरी गरज असेल, दुसरा मार्ग नसेल आणि संपूर्ण रक्कम वेळेवर भरण्याची पक्की व्यवस्था असेल, तर. मतभेद आहे आणि त्याचा आदर राखला पाहिजे. मात्र सवलत देणाऱ्यांनीही ती गरजेसाठी दिली आहे. दोन हजारांचे कुपन ही गरज नव्हे. गरजेसाठी उघडलेल्या दारातून हव्यासाला आत घेता येत नाही.

आता व्यवहाराचा हिशेब पाहू. अनेक कार्डांवर थकीत रकमेचे व्याज महिन्याला सुमारे साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के असते. समजा, भेटीसाठी 40,000 रुपयांची खरेदी केली आणि महिनाअखेर अडचण आल्याने केवळ 2,000 रुपये भरले. उरलेल्या 38,000 रुपयांवर एका महिन्याचे व्याज 1,330 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी सुमारे 239 रुपये. दोन महिन्यांत ती भेट परत जाते, कर्ज मात्र उरते. ग्राहक आयोगाने 2008 मध्ये वार्षिक 30 टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला. कायद्याची ती भिंत आता नाही. आपली भिंत आपल्यालाच उभारावी लागेल.

याहून गंभीर दोन गोष्टी आहेत. पहिली, अर्जात उत्पन्न वाढवून लिहिणे. हे उघड असत्य आहे. दुसरी, स्वतःची कार्डे पुरेशी झाली की आईच्या किंवा पत्नीच्या नावाने कार्ड काढणे. खरेदी मुलाची, कर्ज मात्र आईचे. सूरह अन-निसामध्ये वारसांचे हिस्से सांगताना कर्जफेड त्याआधी ठेवली आहे. एका कर्जदाराच्या जनाज्याची नमाज पढविण्यास प्रेषितांनी (स.) नकार दिला आणि हजरत अबू कतादा (रजि.) यांनी कर्जाची जबाबदारी घेतल्यावरच ती पढविली. ज्या कार्डांची घरात कोणालाच माहिती नाही, त्यांची जबाबदारी आपल्यामागे कोण घेणार?

ज्यांनी कार्ड घेतले आहे, त्यांनी संपूर्ण थकबाकी भरावी आणि बंद करण्याची मागणी लेखी करावी. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनी, थकबाकी नसल्यास, सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकांवर बंधनकारक केले, आणि विलंबाबद्दल ग्राहकाला दिवसाला 500 रुपये देण्याची तरतूद केली. बंद झाल्याचा पुरावा जपून ठेवावा. घरातील प्रत्येक देणे वहीत लिहावे, कारण सूरह अल-बकरामधील सर्वांत दीर्घ आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयीच आहे. रोजच्या खरेदीला डेबिट कार्ड आणि यूपीआय पुरेसे आहेत. अचानक अडचण आली तर नातलगांनी आणि मोहल्ल्यातील सुस्थितीतील बांधवांनी कर्ज-ए-हसना द्यावे. तरुणाला नुसते "नको" सांगून आपले कर्तव्य संपत नाही. त्याच्या अडचणीच्या दिवशी आपण दार उघडले नाही, तर तो बँकेच्याच दारात उभा राहील.

रिज्क देणारा अल्लाह आहे. तो आपल्या हलाल कमाईत बरकत देवो, कर्जाच्या ओझ्यापासून आपले रक्षण करो आणि आपल्या स्वाक्षऱ्या आपल्याविरुद्ध साक्षी होऊ न देवो. आमीन.