बाकावरचा अर्धा तास



गेल्या महिन्यात वंदनेनंतर चहा घेताना इथे पीएच.डी. करणारा एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "काका, मी आईशी खोटं बोललो. शील मोडलं ना?"

हकिगत एवढीच होती. बरेच दिवस नुसता पाऊस होता, आणि एका दुपारी ऊन पडले. तो प्रयोगशाळेतून बाहेर आला, तीन पौंडांची कॉफी घेतली आणि बाकावर अर्धा तास नुसता बसून राहिला. तेवढ्यात गावाहून आईचा फोन. "काय करतोस बाळा?" हा म्हणाला, "लायब्ररीत आहे." तीन पौंड म्हणजे तीनशेहून जास्त रुपये, हा हिशेब डोक्यात चालू होता. विमानाच्या तिकिटासाठी आईने बचत गटातून कर्ज काढले होते. उन्हात बसलोय, असे तिला कसे सांगायचे?

मी म्हटले, खोटे बोललास, ते शील मोडलेच. पण बाकावर बसण्यात कोणते शील मोडले, ते मला दाखव. तो गप्प झाला. बोलणे तिथेच राहिले, म्हणून त्याच्यासाठी आणि तुम्हा सर्व विद्यार्थ्यांसाठी आज हे लिहितो.

मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात भगवान बुद्ध आपल्या तपश्चर्येची कथा सांगतात. उपासाने शरीर हाडांचा सापळा झाले, पण ज्ञान मिळाले नाही. तेव्हा त्यांना लहानपणीची एक गोष्ट आठवली. वडील कामात होते आणि ते जांभळाच्या झाडाच्या गार सावलीत बसले होते. मन शांत आणि आनंदी झाले होते. त्यांनी स्वतःला विचारले, ज्या सुखात वासना नाही, अकुशल काही नाही, त्या सुखाला मी का भितो? मग त्यांनी साधे अन्न घेतले. सोबतच्या पाच तपस्व्यांना वाटले, गौतम चैनीला लागला, आणि ते सोडून गेले. बोधीचा मार्ग मात्र त्या सावलीच्या आठवणीतूनच पुढे गेला.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली: जवळ असण्याचे सुख, कष्टाने मिळवलेले उपभोगण्याचे आणि त्यातून पुण्यकर्म करण्याचे सुख, कर्ज नसण्याचे सुख आणि निर्दोष वागण्याचे सुख. त्यांत निर्दोष वागण्याचे सुख सर्वांत मोठे मानले. तुमच्यापैकी अनेकांना कर्ज नसण्याचे सुख अजून लाभलेले नाही, हे मी जाणतो. ते फेडायचेच आहे. पण निर्दोष सुखासाठी कर्ज फिटण्याची वाट पाहावी लागत नाही.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी अभ्यास केला, रात्री भूक लागली की चार पापड भाजून खाल्ले, आणि आजच्या मुलांना कॉफी हवी! बंधूंनो, बाबासाहेबांची उपासमार हे व्रत नव्हते, ती लादलेली गरिबी होती. आपल्या लेकरांनी उपाशी शिकू नये म्हणूनच ते झिजले. त्यांची भूक मुलांना टोमणा मारायला वापरू नका. आणि आनंद त्यांनाही वर्ज्य नव्हता. न्यूयॉर्कमध्ये जुनी पुस्तके धुंडाळण्यात ते रमत, पुढे व्हायोलिनही शिकले.

मग सगळीच सुखे चांगली का? नाही. रात्री दोनपर्यंत मोबाईलवर बोट फिरवत राहणे हेही सुखच वाटते. माझी कसोटी साधी आहे. सुख संपल्यावर मन हलके झाले की जड? त्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागली का? ते आणखी, आणखी मागते का, की तेवढ्यावर तृप्त होते? दमून आल्यावर कुकरची शिट्टी, वरणभातावर लिंबू, रूममेटने न सांगता धुतलेली भांडी, बिघडलेला प्रयोग एकदाचा जमणे, हे सारे या कसोटीला उतरते. ते आले की लक्ष देऊन अनुभवा. गेले की जाऊ द्या, कारण तेही अनित्यच आहे.

या आठवड्यात एवढेच करा. रोज असे एक सुख ओळखा आणि ते कोणाला तरी सांगा. दुसऱ्याच्या सुखात सुख मानणे, ती मुदिता. पण आपण लपवलेल्या सुखात दुसरा कसा सामील होणार?

आणि गावाकडच्या आईवडिलांनो, ही पत्रिका तुमच्यापर्यंतही पोहोचते. फोनवर "अभ्यास झाला का?" याआधी "आज बरं काय वाटलं?" असे एकदा विचारून पाहा.

त्या तरुणाने परवा सांगितले की त्याने आईला खरे काय ते सांगून टाकले. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अरे, ऊन पडलं का तिकडं? बरं झालं. मला वाटायचं, तू थंडीतच आहेस."

जय भीम! नमो बुद्धाय!