सिद्धी आणि चित्तशुद्धी

लोकोत्तर सामर्थ्य लाभल्याने मनुष्याचे कल्याण होते काय, हा प्रश्न पुरातन आहे. आजकाल चित्रपटांनी तो नव्या वेषात पुढे आणला आहे. केवळ मनोबलाने वस्तू हलविणारी सामान्य माणसे पडद्यावर दिसतात आणि ‘ही शक्ती आपल्याला मिळती तर!’ अशी इच्छा पाहणाऱ्याच्या चित्तात उठते. येथे म्हैसूरच्या विजयनगर भागातही मुलांच्या तोंडी अशा कथा ऐकू येतात.

२०२१ साली प्रदर्शित झालेला ‘मिन्नल मुरली’ हा मल्याळी चित्रपट पाहा. एकाच खेड्यातील दोघांवर एकाच रात्री वीज पडते. एक शिंपी, दुसरा चहाच्या दुकानातील कामगार. दोघांनाही अचाट शक्ती प्राप्त होते. शिंपी अखेर गावाचा रक्षक होतो. दुसरा मुळात दुष्ट नव्हे. तो लोकांच्या उपहासाने होरपळलेला आणि एका स्त्रीवर वर्षानुवर्षे मूक प्रेम करणारा आहे. तिच्या मुलीच्या उपचारासाठी तो बँक लुटतो आणि शेवटी गावावरच आग ओततो. ज्यांनी त्याला हिणविले त्यांचाही त्या आगीत वाटा आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि विजेने त्याला शक्ती दिली, क्षमा दिली नाही. चित्तात जे साठले होते तेच शक्तीच्या योगे बाहेर पडले.

भगवान पतंजलींनी हे मर्म पूर्वीच ओळखले होते. परचित्तज्ञान, अंतर्धान इत्यादी सिद्धींचे वर्णन करतानाच ते बजावतात की, बहिर्मुख मनाला ज्या सिद्धी वाटतात त्या समाधीच्या मार्गातील विघ्ने होत. शिवाय सिद्धीची कारणे त्यांनी पाच सांगितली आहेत : जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. म्हणजे सिद्धी जन्मतःही लाभू शकते, औषधीनेही लाभू शकते. चित्तशुद्धी मात्र साधनेवाचून नाही. सबब सिद्धी हे साधुत्वाचे प्रमाण नव्हे. चमत्कार दिसला एवढ्यावरून गृहस्थाने कोणाच्याही चरणी आपली विवेकबुद्धी आणि घरदार वाहू नये.

मग शक्ती आलीच तर कसे वागावे? याचे उत्तर संजयाच्या चरित्रात आहे. व्यासांनी धृतराष्ट्राला दिव्य दृष्टी देऊ केली. स्वजनांचा वध पाहण्याची इच्छा नसल्याने त्याने ती घेतली नाही. तेव्हा ती सूतकुळातील संजयाला मिळाली. दूरचे दिसावे, इतकेच नव्हे तर इतरांच्या मनातले विचारही कळावेत, असा तो वर होता. संजयाने त्याचा उपयोग धनासाठी किंवा सूडासाठी केला नाही. ज्याचे अन्न खाल्ले त्या राजाला त्याने अप्रिय सत्य सांगितले. विजय पांडवांचाच, हा आपला निर्णय त्याने पुत्रमोहात बुडालेल्या पित्यापुढे निर्भयपणे मांडला. आणि आपल्याला हे ऐकावयास मिळाले ते व्यासांच्या कृपेने, असेही सांगितले.

दुर्योधनाच्या मृत्यूनंतर ती दृष्टी नाहीशी झाली. सौप्तिकपर्वात संजय हे एका वाक्यात सांगतो. त्याचा शोक राजपुत्रासाठी आहे, गेलेल्या सिद्धीसाठी नाही. पुढे धृतराष्ट्र वनात गेला तेव्हा संजयही बरोबर गेला आणि खाचखळग्यांच्या वाटेवर त्या अंध वृद्धाला हात धरून नेऊ लागला.

दिव्य दृष्टी गेली तरी ही सेवा उरली. ती करण्यास कोणत्याही सिद्धीची आवश्यकता नाही. प्रत्येक घरात असा एखादा हात आधाराची वाट पाहत असतो.