गेल्या वर्षीचा शेवटचा

सीईटीचा निकाल लागला की साताऱ्यापासून सांगलीपर्यंत घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : एवढ्या पर्सेंटाइलला वालचंद लागेल का? कुठे वालचंदच्या जागी कराडचं शासकीय अभियांत्रिकी असतं, कुठे पुण्याचं सीओईपी. उत्तर द्यायला क्लासचे सर असतात, पैसे घेणारे सल्लागार असतात, मोबाइलवरची अ‍ॅप्स असतात आणि दोन वर्षांपूर्वी ज्यांच्या मुलीचा नंबर लागला ते शेजारीही असतात. सगळ्यांचा आधार एकच, गेल्या वर्षीचा कटऑफ. या अंदाजाला माझी हरकत नाही, तो ज्या कामासाठी वापरला जातो त्याला आहे. पर्यायांची यादी किती लांब करावी हे ठरवायला अंदाज उपयोगी पडतो. त्याच अंदाजावर यादीचा क्रम लावला, की मुलाचं नुकसान होऊ शकतं.

आधी कटऑफ म्हणजे काय ते पाहू. सीईटी कक्षाच्या कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक शाखेखाली चौकटी असतात. एका चौकटीत वर गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात सात दशांश स्थळांपर्यंतचं पर्सेंटाइल. हे आकडे महाविद्यालयाने घातलेली अट नव्हेत. त्या जागेवर त्या फेरीत जो शेवटचा विद्यार्थी बसला, त्याचे ते आकडे. सातारा-स्वारगेट गाडीत काल शेवटची जागा पकडणारा किती वाजता स्टँडवर पोहोचला होता हे कळलं, म्हणून उद्याची जागा पक्की होत नाही. उद्या गर्दी वाढेल, किंवा जादा गाडीही सुटेल. शिवाय पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे अजूनही अनेक घरांत नीट पोहोचलेलं नाही. २०२५ मध्ये पीसीएम गटाची सीईटी चार लाखांहून अधिक मुलांनी दिली. म्हणजे ९८ आणि ९९ या दोन आकड्यांच्या मध्ये चार हजारांवर मुलं उभी होती, आणि शंभर पर्सेंटाइलवर एक नव्हे, बावीस जण. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि सत्रासत्रांतला फरक गणिताने सारखा केला जातो. त्याच वर्षी एका सत्रात गणिताचे २१ प्रश्न चुकले आणि त्या मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. मुलाला किती येतं, ते पर्सेंटाइल सांगत नाही. त्या वर्षीच्या गर्दीत तो कुठे उभा होता, एवढंच त्यावरून कळतं.

गर्दी बदलते, आणि नियम तर त्याहून वेगाने बदलतात. मराठा समाजाच्या आरक्षणाचं उदाहरण सातारा-सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांना सर्वांत जवळचं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर शिक्षणात ते १२ टक्के झालं, मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, २०२४ मध्ये नव्या कायद्याने १० टक्के आलं. कुणबी प्रमाणपत्र मिळालं तर तेच मूल ओबीसीच्या रांगेत जातं. म्हणजे एकाच घरातली तीन भावंडं पाच वर्षांत तीन वेगवेगळ्या चौकटींत स्पर्धा करू शकतात. अशा वेळी थोरल्याच्या वर्षाचा खुल्या गटाचा कटऑफ धाकटीला काय सांगणार? २०२४ मध्येच आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ झालं, आणि एआयसीटीईने शाखांच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठवली. मागणी आणि जागा दोन्ही एकदम हलल्या. होम युनिव्हर्सिटीच्या रकान्यातही लोक फसतात. घर तासगावला असलं, तरी बारावी पुण्यात केलेल्या मुलाचं होम शिवाजी विद्यापीठ नसतं.

वैद्यकीयला तर गुणांचा आकडा हातात धरून बसण्यात अर्थच नाही. नीट २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ च्या अवघड पेपरला देशात पहिला आलेल्याला ६८६ मिळाले, आणि खुल्या गटाची पात्रता १६२ वरून १४४ वर घसरली. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयासाठी 'किती मार्क लागतात' याला दोन वर्षांत दोन उत्तरं निघतील, आणि दोन्ही खरी. त्याआधी २०२० मध्ये राज्याने विभागवार ७०-३० चं सूत्र काढून टाकलं तेव्हा मिरजेच्या जागांसाठी लातूर-नांदेडची मुलं थेट समोर आली.

यावर कोणी म्हणेल, मग कटऑफ फेकूनच द्यायचा का? नाही. आकडे हलले तरी महाविद्यालयांची उतरंड सहसा पटकन हलत नाही. संगणकशास्त्राची शाखा स्थापत्याच्या आधी भरते, आणि धोंडुमामा साठ्यांनी १९४७ साली उभं केलेलं, पुढे वालचंद झालेलं महाविद्यालय आसपासच्या नव्या खासगी महाविद्यालयांच्या आधी भरतं. म्हणून पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांक पाहावा, एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा पाहावा, आणि उत्तर 'मिळेल' किंवा 'नाही' असं न देता पट्ट्यात द्यावं. जो सल्लागार छातीठोक आकडा सांगतो तो माहिती विकत नाही, दिलासा विकतो. बाजारात दिलाशाला भाव जास्त, हे खरं.

आता मूळ मुद्दा. कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीत संगणक गुणवत्ता यादीच्या वरून खाली येतो. तुमचा क्रमांक आला की तुमच्या यादीतला सर्वांत वरचा, तेव्हा तुमच्यासाठी शिल्लक असलेला पर्याय तुम्हाला देतो. वरचे दहा पर्याय भरून गेलेले असले तरी अकराव्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. अशक्य वाटणारं सीओईपी पहिलं लिहिण्याची किंमत शून्य. हे सगळीकडे असं नसतं. बॉस्टनच्या सरकारी शाळांत २००५ पर्यंत पहिली पसंती देणाऱ्यांना आधी जागा मिळे, त्यामुळे पहिली पसंती वाया गेली की दुसरीही हातची जाई. तिथे पालकांना हिशेब करून मन मारावं लागे. गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्येच यावर उपाय मांडला होता. बॉस्टनने अखेर त्याच धर्तीची पद्धत घेतली आणि २०१२ मध्ये शॅप्ली व अर्थशास्त्रज्ञ रॉथ यांना नोबेल मिळालं. आपली पद्धत मन मारायला लावत नाही, तरी आपण ते मारतो. 'मिळणारच आहे तर वर टाकू' म्हणून गावाजवळचं महाविद्यालय पहिलं लिहिलं जातं. २०२५ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्या बंद. भीतीपोटी वर ठेवलेलं तेच मग नशिबी येतं.

दोन हरकती मात्र रास्त आहेत. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पर्यायांपैकी काही मिळालं तरी जागा गोठते. म्हणजे तिसरा पर्याय मिळाला, तर पहिल्याची वाट पाहता येत नाही. इथे थोडा हिशेब लागतोच. पण तोही 'काय मिळेल' याचा नसून 'कशावर समाधान आहे' याचा. दुसरी हरकत पैशाची. जत-आटपाडीच्या किंवा माण-खटावच्या शेतकरी कुटुंबाला कर्ज काढायचं की नाही, वसतिगृह परवडेल की नाही, मूल रिपीट करणार की नाही, हे आधी ठरवावं लागतं. त्यांना अंदाज हवाच, आणि तो पट्ट्यातच हवा, कारण पट्ट्याचं खालचं टोक माहीत असलं तरच पैशाची तयारी त्या हिशेबाने होते. मात्र जे परवडणारच नाही ते यादीत लिहू नये; क्रमाने खाली ढकलून भागत नाही.

पुढच्या वर्षी ज्यांच्या घरात हा अर्ज भरायचा आहे, त्यांनी एवढं करावं : कटऑफची पीडीएफ उघडण्याआधी मुलाला किंवा मुलीला कागद द्यावा आणि फी, अंतर, शाखा सगळं धरून आवडीचा क्रम लिहायला सांगावं. मग पीडीएफ उघडावी आणि यादीच्या तळाशी हमखास मिळतील असे पाच-सात पर्याय जोडावेत. वरच्या क्रमाला हात लावू नये.