ताटी आतून उघडते



घरातले पोर ऐकेनासे झाले म्हणजे आईबाप कीर्तनकाराकडे येतात. "महाराज, दोन शब्द सांगा त्याला." पोराला सांगणारे पुष्कळ असतात हो! म्हणून आज आम्ही पोराशी नव्हे, त्याच्या वडीलधाऱ्यांशी बोलणार आहोत, आणि निरूपणाला ताटीच्या अभंगांचा प्रसंग घेणार आहोत.

प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातली वये कोणी मोजत नाही. परंपरेने मानलेल्या सनांप्रमाणे ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा, मुक्ताबाईंचा १२७९ चा. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा माउली पंधरा वर्षांची. आज ज्या वयाचा मुलगा दहावीच्या बाकावर बसतो तेच हे वय. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेले, 'संन्याशाची पोरे' हे बोल पाठीला चिकटलेले. अशात बाहेर कोणी अपमान केला. ज्ञानदेव झोपडीत आले, ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले. बाहेर धाकटी बहीण.

आता ती काय करीत नाही ते पाहा. कुडाची ताटी ती, लोटायला कितीसा जोर लागतो! पण मुक्ताबाई ती लोटीत नाही. "एवढे काय झाले रागवायला?" असे विचारीत नाही. शेजारपाजार गोळा करीत नाही. ती दाराशी थांबते आणि बोलत राहते. तिने उपदेश केलाच नाही असे मात्र कोणी समजू नये. क्षमेचा केवढा मोठा उपदेश तीत आहे. पण तू मुळात चांगला आहेस, थोर आहेस, हे त्या उपदेशाच्या तळाशी आहे. आणि ताटी उघडली ती आतून.

आपल्याकडे काय होते? आपले पिंपळगाव बसवंत म्हणजे द्राक्षाचे आणि टोमॅटोचे गाव. वीस किलोच्या क्रेटला सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. भाव कोसळला की रिकामी गाडी घेऊन बाप घरी येतो, आणि पोराच्या हातून तांब्या सांडला एवढे निमित्त पुरते. राग बाजारातला, पाठ पोराची. मार खाल्लेले पोर आपल्या चुकीचा विचार करीत नाही. मारणाऱ्याची पावले ओळखायला आणि खोटे बोलायला मात्र शिकते.

कोणी म्हणेल, महाराज, शास्त्रच ताडन करा म्हणते. चाणक्याच्या नावावर एक नीतिश्लोक आहे खरा. पाच वर्षे लाड करावेत, पुढे दहा वर्षे ताडन, आणि सोळावे लागताच पुत्राला मित्र मानावे, असा त्याचा अर्थ. लोकांना मधला भाग तेवढा पाठ! तिसरा भाग आचरणारा बाप दिंडीत दिवा घेऊन शोधावा लागतो. आणि मधल्या भागाचे म्हणाल तर शाळेतला मार आणि मानसिक छळ या दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. परक्या गुरुजींनी जे करू नये, ते जन्मदात्याने का करावे?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतची उतरण सांगितली आहे. पोर हातपाय आपटीत असते तेव्हा ते त्या उतरणीच्या तळाशी असते. त्या वेळी सांगितलेले शहाणपण कानात शिरत नाही. आपला आवाज खाली आणावा, त्याला इजा होणार नाही एवढे पाहावे, जवळ बसावे. बोलणे नंतर, आणि थोडके. तरुण मुलांचे तर आजचे वैद्यकच सांगते की आवेग आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पिकत असतो. अंगाने बापाएवढा झाला म्हणून विवेकही तेवढा झाला असे नाही.

बागाईतदारांना एक विचारू. द्राक्षवेलीचे पान पिवळे पडले तर तुम्ही वेलीला शिव्या देता का? देठ खुडून परीक्षणाला पाठवता. काय कमी पडले, काय जास्त झाले, पाहता. मग पोराचेच देठ का तपासत नाही? मागच्या सप्ताहात एक माउली सांगत होती, मुलगा वही फाडतो, शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणतो. आम्ही विचारले, त्याला वाचता येते का? ती गप्प झाली. सातवीतले पोर, अक्षरे उलटीसुलटी दिसतात, आणि वर्गात हसतात म्हणून ते आधीच भांडण काढते! ही आळशीपणाची गोष्ट नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेची नोंद आहे, आणि परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ मिळतो. कोणाला क्षणभर एके ठिकाणी बसवत नाही, कोणाला कमी ऐकू येते, कोणाला कोणी छळलेले असते. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात, त्यांच्यापाशी लाज सोडून बोलावे.

त्याऐवजी काहीजण पोराला भगताकडे नेतात, उतारे टाकतात. काहीजण आमच्याकडे आणतात आणि माळ घालायला सांगतात, म्हणजे सुधारेल! बाबांनो, माळ म्हणजे दावे नव्हे. ती पोराने मागावी, तेव्हा आनंदाने घालू.

एक गोष्ट मात्र थांबण्याची नव्हे. पूर्वी हसतेखेळते असलेले पोर आठवडेच्या आठवडे गप्प राहिले, झोप-जेवण सुटले, "मी नसलो तर बरे" असे बोलले, तर नाटक म्हणू नये. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट कोणी विचारले म्हणून मन मोकळे होते. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मनाच्या डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. आणि आपल्या भागात प्रत्येक घरी फवारणीची औषधे असतात. ती पडवीत, खाटेखाली ठेवू नका. आजच कुलपात घाला, आणि किल्ली घरातल्या मोठ्या माणसाच्या कमरेला असू द्या.