तबकडीवरचे नाव

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक गैसबर्ग कलकत्त्यास आले असता गायिका गौहरजानने त्यांच्या कर्ण्यासमोर गाऊन झाल्यावर आपले नाव इंग्रजीत उच्चारून ठेवले, ही कथा संगीताच्या शौकिनांस ठाऊक आहे. त्यामागचा व्यवहार मात्र पुष्कळदा विसरला जातो. ती मेणाची मुद्रा जर्मनीत हानोव्हरला जाऊन तबकडी व्हावयाची होती, आणि तेथील कारागिरांस तिच्यावर कोणाच्या नावाची चिठ्ठी डकवावी हे कळणे अवश्य होते. हिंदी गाण्यात गाणाराने आपले नाव असे दस्तऐवजासारखे रुजू केले.

पुढे १९०८ च्या सुमारास कंपनीने सियालदा येथे कारखाना काढला, आणि ज्या लाखेच्या बांगड्या आमच्या बाया भरीत त्याच जातीच्या लाखेत बालगंधर्वांपासून हिराबाई बडोदेकरांपर्यंत सर्वांचे गळे ओतले गेले. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे ते चित्र तबकड्यांबरोबर महाराष्ट्राच्याही घराघरांत पोहोचले. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत घेत अर्धी घटका रेंगाळणारे पद सुमारे तीन मिनिटांत आटोपण्याची सक्ती या चकतीने केली. वकिलीचे शिक्षण घेतलेले भावगीतगायक जी. एन. जोशी १९३८ मध्ये याच कंपनीच्या मुद्रणविभागात दाखल झाले, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. कारण मराठी भावगीत हे जितके कवितेचे तितकेच त्या तीन मिनिटांचे अपत्य आहे, असे माझे मत आहे. काव्यरसिकांस ते रुचणार नाही, नाइलाज आहे.

परंतु कंपनीची देवडी मुंबईत होती, आणि खानदेशापासून ती फार लांब होती. बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी ‘मानिनी’ या १९६१ च्या चित्रपटातून घरोघर पोहोचली ती नागर, तालमीत घोटलेल्या गळ्यांतून. त्या माधुर्याविषयी माझी तक्रार नाही, परंतु त्या गाण्यांखालची जात्याची घरघर कंपनीच्या हिशेबी नव्हती.

ही देवडी उघडी ठेवली तर काय घडते, याचा दाखला अमेरिकेतील मेंफिस शहरात सापडतो. जिम स्टुअर्ट हा बँकेतील नोकर आणि त्याची बहीण एस्टेल ऍक्स्टन यांनी, बहिणीचे घर तारण ठेवून आणलेल्या यंत्रावर, काळ्या वस्तीतल्या एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात ध्वनिमुद्रण आरंभिले. १९६१ मध्ये दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून ‘स्टॅक्स’ हे नाव पडले. पुढल्या बाजूस एस्टेलचे तबकड्यांचे दुकान होते, आणि शेजारची मुले तेथे गाणी ऐकता ऐकता आत शिरून गाऊ-वाजवू लागली. वर्णभेदाच्या त्या शहरात काळे आणि गोरे वादक एकाच वाद्यवृंदात बसत. चर्चमधील भजनाची आर्तता प्रपंचाच्या गाण्यात आणणाऱ्या ‘सोल’ संगीताचे ते एक पीठच झाले. मात्र स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात गेला, आणि पुढच्याच वर्षी असे उघडकीस आले की स्टुअर्टने नीट न वाचता सही केलेल्या करारनाम्यातील एका कलमान्वये आजवरच्या मूळ मुद्रणांची मालकी वितरण करणाऱ्या ‘अटलांटिक’ कंपनीकडे गेली आहे! आपल्याकडे सातबारा न पाहता जमिनीचा व्यवहार करणाऱ्यास लोक हसतात. तेथे एका बँकेतल्या माणसाने आवाजांचा असा व्यवहार केला.

त्यानंतरही स्टॅक्स उभी राहिली, आणि २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या क्रीडागारात एक डॉलर तिकिटात एक लाखाहून अधिक श्रोते तिने जमविले. त्याच वर्षी मुंबईत, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांचे नाव घेऊन, दलित पँथरची स्थापना झाली होती. नाव समुद्र ओलांडून आले. गाणे उसने आणण्याची गरज नव्हती, कारण नाशिक जिल्ह्यातील देशवंडीचे आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डक (१९२२–२००४) तोवर गावोगाव गाऊन चुकले होते. अशा गाण्याला खरी वाट कॅसेटने करून दिली, कारण कॅसेट काढावयास सियालद्याचा कारखाना लागत नसे. स्टॅक्सचे १९७५ मध्ये दिवाळे निघाले, तिची वास्तू पुढे पाडण्यात आली, आणि २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय झाले. कुत्र्याच्या छापाची आमची कंपनी ‘सारेगामा’ झाली, आणि २०१७ पासून जुनी गाणी भरलेली ‘कारवाँ’ नावाची पेटी विकू लागली.

तसली एक पेटी नंदुरबार तालुक्यातील मौजे रनाळे येथे, एका परिचिताच्या ओसरीवर, हळदीच्या दिवशी वाजत होती. आत बाया अहिराणीतून लग्नाची गाणी म्हणत होत्या, आणि घरातला नातू ती मोबाइलवर मुद्रित करीत होता. आजीचे गाणे संपताच त्याने विचारले, नाव कोणाचे लिहू? आजी म्हणाली, ‘‘मन्हं नाव कसाले? हाई ते समदासनं गाणं शे.’’ मुलगा गोंधळला. नावाचा रकाना रिकामा सोडण्याची सोय त्या यंत्रात नसावी. शेवटी, बाहेरच्या पेटीचा आवाजही मधे आला आहे, तेव्हा पुन्हा एकदा म्हण, असे तो सांगू लागला. तोवर आजी हळद कालवावयास उठून गेली होती.