ओतीव खूण आणि ठोकलेला अंक

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपली जुनी म्हण सांगते. परंतु मूळ शोधण्यांतच ज्यांचा सारा आनंद सांठविलेला आहे, असेही लोक जगांत आहेत. जुन्या मोटारींचे शौकीन हे त्यांपैकींच होत. हातांत दिवा घेऊन, इंजिनाच्या पाठीमागें बसलेलें तेलकट कीट खरवडून ते कांहीं अक्षरें व अंक वाचूं पाहतात. हा खटाटोप वरवर क्षुल्लक दिसतो. पण त्यांत एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे. त्याचाच येथें थोडा विचार करावयाचा आहे.

अमेरिकेंतील शेव्हरोले कंपनीनें १९५५ सालीं आणलेल्या आठ सिलिंडरांच्या, ‘स्मॉल ब्लॉक’ नांवानें प्रसिद्ध झालेल्या इंजिनाचें उदाहरण घेऊं. त्याचा बिडाचा सांगाडा साच्यांत ओतून घडवीत, आणि साच्यांतील अंक त्याच्या अंगावर उठून येत. गिअरबॉक्सच्या बाजूस मागील कडेवर नमुन्याचा क्रमांक असे. ओतल्याची तारीखही अशीच उठून येई. बारा महिन्यांना ‘ए’पासून ‘एल’पर्यंत बारा इंग्रजी अक्षरें, मग दिवस, आणि शेवटीं बहुधा सालाचा केवळ अंत्य अंक. ‘ए १२ ९’ म्हणजे ९ नें संपणाऱ्या सालांतील १२ जानेवारी.

ही खूण जन्माची साक्ष होय. पण ती साक्ष किती पुरते? ३९७००१० या क्रमांकाचा सांगाडा १९६९ पासून सुमारें दहा वर्षें वापरांत होता. तेव्हां नुसता ९ पाहून १९६९ म्हणावें कीं १९७९, हें त्या अंकावरून ठरत नाहीं. शिवाय त्याच सांगाड्यापासून ३०२, ३२७ व ३५० घनइंचांचीं तीन निरनिराळीं इंजिनें तयार झालीं. तिघांच्याही सिलिंडरांचा व्यास ४ इंचच. पिस्टनचा पल्ला मात्र अनुक्रमें ३, ३.२५ व ३.४८ इंच. म्हणजे एकाच साच्यांतून निघालेला सांगाडा पुढें काय व्हावयाचा, हें त्यांत कोणता क्रँकशाफ्ट बसविला यावर ठरलें. जन्मखुणेला तें ठाऊकच नव्हतें.

तें सांगणारी खूण दुसरी. इंजिन जुळविल्यावर त्याच्या पुढच्या अंगास, उजव्या बाजूच्या सपाट जागेवर, कारखान्याचें अक्षर, महिना, दिवस व इंजिनाचा प्रकार दाखविणारीं अक्षरें ठोकीत. १९६९ च्या कॅमेरो झेड-२८ गाडीच्या ३०२ इंजिनावर ‘डीझेड’ हीं अक्षरें असत. पहिली खूण उठावाची, तर दुसरी खोलगट. खोलगट खूण घांसून पुसतां येते आणि तेथें नवी ठोकतां येते. झेड-२८ गाडीला शौकिनांत मोठें मोल आहे. म्हणून साध्या ३५० इंजिनाचे अंक पुसून तेथें ‘डीझेड’ ठोकणारेही निघाले. मूळ यंत्रकामानें त्या जागेवर बारीक समांतर रेघा उठतात, त्यांचीही नक्कल होऊं लागली. म्हणून जाणता परीक्षक आधीं रेघा पाहतो आणि मग अंक वाचतो.

यावर कोणी विचारील, “गाडी उत्तम धांवते; मग चार अंकांनीं काय बिघडलें?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्यावर तें जहाज तेंच राहिलें काय, यावर ग्रीक तत्त्वज्ञ वाद घालीत, असें प्लूटार्कनें नमूद केलें आहे. रथ म्हणजे चाकही नव्हे, आंसही नव्हे, असें नागसेनानें मिलिंद राजास पटवून दिलें. सारेंच बदलणारें असेल, तर मूळ अंकाचा एवढा बडेजाव कां?

परंतु येथें दोन गोष्टींची गल्लत होते. फळी बदलणारा सुतार ‘ही फळी जुनीच आहे’ असें सांगत नाहीं. इंजिन बदलणें हा दोष नव्हे. न घडलेल्या गोष्टीची साक्ष खुणेच्या तोंडीं घालणें हा दोष होय. ‘हें इंजिन मागाहून बसविलें आहे’ असें जो मोकळेपणानें सांगतो, त्यानें कोणाचेंही नुकसान केलेलें नाहीं. खोटा अंक ठोकणारा मात्र एकट्या गिऱ्हाइकालाच फसवीत नाहीं. तो प्रत्येक प्रामाणिक खुणेवर संशय आणतो. एका खोट्या नाण्यामुळें खऱ्या नाण्यांचीही पारख करीत बसावें लागतें, तसेंच हें.

हा न्याय माणसांनाही लागू पडतो. ज्या समाजांत कुळालाच किंमत मिळते आणि कर्तृत्वाला कोणी विचारीत नाहीं, तेथें खोटें कूळ सांगणारा उभा राहावयाचाच. त्याच्या खोटेपणाचा कांहीं वांटा तसा भाव लावणाऱ्यांकडेही जातो. तरीही मोह कोठून आला हें कळल्यानें खोटें खरें ठरत नाहीं. आपल्या म्हणीचा अर्थही मला असाच वाटतो: मुळावरून मोल ठरवूं नये, पण मूळ सांगण्याचा प्रसंग आलाच, तर जें असेल तेंच सांगावें.