‘आपण’ आणि ‘ते लोक’

एका रविवारीं पहाटे आम्ही वीस-पंचवीस सायकलस्वारांच्या मंडळीबरोबर पुण्याजवळील कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत गेलों. वाटेवरील इतिहास सांगण्यास एक माहितगार गृहस्थ बरोबर होते. अशा कामास सायकलीसारखें वाहन नाहीं. मोटारींत बसणाऱ्यास रस्ता सपाटच भासतो. सायकलस्वाराच्या पायांस मात्र कात्रजहून शहराकडे येणारा उतार लागलीच कळतो. याच उताराच्या बळावर नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७५० च्या सुमारास कात्रजचें पाणी जमिनीखालील बांधीव नळांतून पुण्यांत आणिलें. ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेविले. त्यांतून आंत उतरून गाळ काढतां येई. काळा हौद, बदामी हौद हीं नांवें अजून लोकांच्या तोंडीं आहेत.

शनिवारवाड्यापाशीं माहितगार गृहस्थ रंगांत येऊन म्हणाले, “पावणेतीनशें वर्षांपूर्वीं आपण पंपावांचून शहरभर पाणी खेळविलें!” आमचीही छाती फुगली, हें कबूल केलें पाहिजे. तोंच एका शाळकरी मुलीनें विचारिलें, “काका, हें पाणी सगळ्यांना भरतां येत होतें का?”

“नाहीं बाळ,” ते जरा थांबून म्हणाले, “अस्पृश्य मानलेल्यांना तें शिवतां येत नसे. त्या काळचे ते लोक तशा रूढींत वाढलेले होते.”

पाणी आणणारे ‘आपण’, आणि पाणी नाकारणारे ‘ते लोक’! कोणी म्हणेल, पणजोबांच्या अपराधाचा दोष पणतवाच्या माथीं कां मारावा? मारूं नये, हें खरें. पण मग पणजोबांच्या पराक्रमानें पणतवाची छाती तरी कां फुगावी? वारसानें वाडा घ्यावा आणि त्यावरील गहाण तेवढें परक्याचें म्हणावें, असला व्यवहार कोणता सावकार मान्य करील? शिवाय, आमच्या मंडळींत कोणाचे पूर्वज त्या हौदांपासून दूर उभे केले जात असतील, हा विचारही आमच्या मनांत आला नव्हता. त्यांनाही आम्हीं न विचारतांच त्या ‘आपण’मध्यें घेतलें होतें.

इ. स. १८६८ मध्यें जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. तें घर गंज पेठेंत, म्हणजे आतांच्या महात्मा फुले पेठेंत. शनिवारवाड्यापासून सायकलीनें फार दूर नाहीं. मुलगी तेथें जाण्याचा हट्ट धरून बसली. आमच्या कार्यक्रमांत तें घर नव्हतें, मिसळ होती. आणि खरें सांगावयाचें तर आम्ही मिसळीच्याच पक्षाचे होतों. मुलीच्या तोंडाकडे पाहवेना, म्हणून वळलों. निम्मी मंडळी आली, निम्मी गेली.

वाटेंत एक नवाच मोह मनांत डोकावूं लागला होता: हौद खुला करणारेही ‘आपण’च! ज्या जोतीरावांना १८४९ सालीं शाळेच्या कामापायीं वडिलांचें घर सोडावें लागलें, त्यांना इतक्या स्वस्तांत आपले म्हणावयाचें!

हौदापाशीं माहितगार गृहस्थ बोलूं लागले, “त्या काळीं लोकांनीं—” आणि अडखळले. मुलगी त्यांच्याकडेच पाहत होती. त्यांनीं पुन्हां सुरुवात केली, “या शहरांत आपण माणसांना पाणी नाकारीत होतों. तेव्हां या घरांत...”